तलाक झाला, पण आधारवर नाव अजून त्याचेच!

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या मोहल्ल्यांत निकाह झाला की थोड्याच दिवसांत सुनेचे आधार कार्ड बदलायला टाकतात. बापाचे नाव जाते, नवऱ्याचे येते, आडनावही बदलते. पुढे संसार मोडतो, इद्दत संपते, पण कागदावरचा नवरा काही जात नाही. आखाती नोकरीसाठी पासपोर्ट असो, बँकेचे खाते असो की बापाच्या सातबारावर वारस नोंद, लेकीला प्रत्येक टेबलावर तेच विचारतात: नाव जुळत नाही, पुरावा आणा.

खरे तर नवऱ्याचे आडनाव लावा, असे ना कायदा सांगतो, ना शरियत. दीनमध्ये तर मुलगी निकाहनंतरही बापाच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे हा निव्वळ रिवाज.

मूळ नावावर परत येता येते, अडते ते पुराव्यावर. केंद्राच्या राजपत्रासाठी प्रकाशन विभागाने घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा नवऱ्याचे ना-हरकत पत्र मागितले. जो नांदवत नाही, तो सही देईल का? या अटीविरुद्ध २०२४ मध्ये एका महिलेने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली.

आमच्या बहिणींची अडचण दुहेरी आहे. एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दच आहे. खुलाबाबत न्यायालयांचा सूर एक नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये न्यायालयाबाहेरचा खुला मान्य केला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले की शरियत कौन्सिलचे प्रमाणपत्र चालणार नाही, कौटुंबिक न्यायालयात जा.

म्हणून खुलानामा कपाटात ठेवून गप्प बसू नका. कौटुंबिक न्यायालयातून, ते नसेल तिथे दिवाणी न्यायालयातून, विवाह संपल्याचा हुकूम घ्या. नवरा सोडतच नसेल तर १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आहे. मग महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदला, त्यानंतर आधार, पॅन, बँक, पासपोर्ट. आधारवर नाव दोनदाच बदलता येते. निकाहनंतर एकदा बदलले असेल तर एकच संधी उरते. स्पेलिंग नीट तपासा.

जमातींनीही तारीख, साक्षीदार आणि दोघांची पूर्ण नावे असलेला कागद द्यावा. आणि आई-बाबांनो, पुढच्या निकाहला लेकीचे नाव बदलण्याआधी तिला एकदा विचारा तरी!