संसार आणि यंत्रें : पन्नास वर्षांची मोटार घ्यावी काय?

या महिन्याच्या टपालांत आलेल्या एका पत्रास आम्हीं सदराची सारी जागा देण्याचें ठरविलें आहे. पत्र पुण्यांतील एका एकत्र कुटुंबांतील वडील गृहस्थांचें आहे. त्यांचा पुतण्या कित्येक वर्षें इंग्लंडांत नोकरीस असून पत्नी व चार वर्षांची कन्या यांसह तेथेंच राहतो. घरखर्चाचा व वाड्याच्या दुरुस्तीचा आपला हिस्सा तो न चुकतां पाठवितो. आतां त्यानें स्वतःच्या शिलकेंतून १९७३ सालची ‘एम्. जी. बी.’ नांवाची उघडी, दोन बैठकांची मोटार विकत घेण्याचा मनोदय कळविला आहे. मात्र काकांची संमति आल्यावांचून पैसे देणार नाहीं, असेंही लिहिलें आहे. काका आम्हांस विचारतात : जी गाडी आपल्या वयापेक्षां मोठी, जिच्यांत मुलीस बसावयास जागा नाहीं आणि जी पावसांत गळते, ती विकत घेणें म्हणजे पैसे देऊन चिंता घरीं आणणें नव्हे काय? संमति द्यावी कीं नाकारावी?

परदेशीं राहून, स्वतः मिळवीत असूनही जो तरुण वडिलांच्या शब्दाची वाट पाहतो, त्यास उत्तर देतांना वडिलांनींही वस्तूची नीट माहिती करून घेतली पाहिजे. माहितीवांचून दिलेला नकार हट्टासारखा दिसतो व माहितीवांचून दिलेला होकार उपेक्षेसारखा. म्हणून ही गाडी काय आहे, हें आधीं पाहूं.

ऑक्सफर्ड येथें विल्यम मॉरिस यांचें मोटारी विकण्याचें व दुरुस्त करण्याचें दुकान होतें. ‘मॉरिस गॅरेजेस’ हें त्याचें नांव. १९२२ सालीं त्याची व्यवस्था सेसिल किंबर यांच्या हातीं आली. मॉरिस यांच्या साध्या, बाजारू गाड्यांच्या सांगाड्यांवर हलके व देखणे साज चढवून त्यांनीं चपळ गाड्या तयार करण्यास आरंभ केला, आणि दुकानाच्या नांवांतील दोन आद्याक्षरें त्या गाड्यांचें चिन्ह झालीं. श्रीमंत शौकिनांच्या प्रचंड मोटारींच्या काळांत, मध्यम प्राप्तीच्या मनुष्यासही वेगाचा आनंद परवडावा, ही त्या धंद्याची खरी कल्पना होती. १९२९ सालीं कारखाना थेम्सकांठच्या ॲबिंग्डन गांवीं गेला व अर्धें शतक तेथेंच नांदला. किंबर यांस मात्र १९४१ सालीं कंपनींतून दूर करण्यांत आलें, आणि १९४५ च्या फेब्रुवारींत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ झालेल्या आगगाडीच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. युद्धोत्तर काळांत त्यांच्या गाड्या अमेरिकेंत लोकप्रिय झाल्या, हें पाहण्यास ते राहिले नाहींत.

पुतण्याच्या मनांतील एम्. जी. बी. ही १९६२ सालीं निघाली व १९८० पर्यंत होत राहिली. तिचे उघडे व बंद टपाचे दोन्ही प्रकार धरून पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. १९८० च्या ऑक्टोबरांत ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. भारतांत २०१९ पासून गुजराथेंतील हालोल येथें तयार होऊन आपल्या गल्लींतूनही फिरणाऱ्या एम्. जी. गाड्यांवर तेंच चिन्ह आहे, परंतु तें २००५ सालीं चिनी कंपनीकडे गेलेलें आहे. ॲबिंग्डनच्या कारागिरांशीं त्या गाड्यांचा संबंध केवळ नांवाचा होय. काकांनीं दारासमोरच्या नव्या गाडीवरून जुन्या गाडीची कल्पना करूं नये.

गाडी निरुपयोगी होण्याचें मोठें कारण तिचें एंजिन असेल, असा सामान्य समज असतो. या गाडीच्या बाबतींत तो खरा नाहीं. तिचें चार नळकांड्यांचें, १७९८ घन सेंटिमीटर मापाचें एंजिन साधें व दणकट आहे. कारखान्यानें तें इतर पुष्कळ साध्या गाड्यांतही बसविलें होतें, आणि त्याचे सुटे भाग आजही सहज मिळतात. तिचा खरा शत्रु गंज आहे. पूर्वीच्या गाड्यांस खालीं स्वतंत्र लोखंडी सांगाडा असे व वर शरीर बसविलेलें असे, एम्. जी. बी. मध्यें पत्र्याचें शरीर हाच सांगाडा आहे. दारांखालून जाणाऱ्या पोकळ पट्ट्या तिच्या कण्याप्रमाणें सारा भार वाहतात. इंग्लंडांत हिंवाळ्यांत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात. तें मीठ व चिखल त्या पोकळींत शिरून पत्रा आंतून खाऊन टाकतो, आणि वरून रंग मात्र आरशासारखा चमकत राहतो. वाड्याची तुळई आंतून वाळवीनें पोखरली असतां भिंतीस नवा रंग देण्यासारखाच हा प्रकार आहे.

यास्तव परीक्षा कशी करावी, तें पुतण्यास अवश्य कळवावें. फडक्यांत गुंडाळलेलें लोहचुंबक दारांखालच्या पट्ट्यांवरून व चाकांवरील कमानींवरून फिरवावें. जेथें तें धरीत नाहीं, तेथें पत्र्याऐवजीं लुकण भरलेलें आहे असें समजावें. गाडी जॅकवर उचलतांना दाराच्या फटीकडे लक्ष ठेवावें. फट मिटली किंवा दार अडकूं लागलें, तर कणा वांकत आहे असें जाणून तेथूनच नमस्कार करून परत फिरावें. एंजिन चांगलें तापल्यावर चालत्या गाडींत तेलाच्या दाबाचा कांटा ५० ते ८० पौंडांच्या दरम्यान राहिला पाहिजे. एंजिन दुरुस्त होतें, गिअरची पेटी बदलतां येते. परंतु कुजलेल्या देहास नवें रूप देण्यास गाडीच्या किंमतीहून अधिक पैसा लागतो.

आतां नित्याच्या सेवेविषयीं. नवी गाडी मालकाकडून पेट्रोल व वर्षाकांठीं एक फेरी एवढेंच मागते. ही गाडी हात मागते. तिच्या दोन कारबुरेटरांच्या माथ्यावरील लहान नळ्यांत वेळोवेळीं थोडें तेल घालावें लागतें. पुढच्या चाकांच्या खिळ्यांस दर तीन हजार मैलांनीं ग्रीस भरावें लागतें. ठिणगी पाडणाऱ्या दोन टोंकांमधील अंतर पंधरा सहस्रांश इंचाच्या आसपास राखावें लागतें. आऱ्यांचीं चाकें असतील तर आऱ्यांचा ताणही पाहावा लागतो. गाडी उभी राहिल्यास तिच्याखालीं तेलाचे दोन-चार थेंब दिसतील. त्यांस भिऊं नये, पण ते थेंब किती, याकडे डोळेझांकही करूं नये. यांपैकीं एकही काम अवघड नाहीं. एक पान्यांचा संच, एक जॅक, एक दुरुस्तीचें पुस्तक आणि रविवारची एक सकाळ, एवढ्यानें तें साधतें. परंतु ज्यास हीं कामें मिस्त्रीकडून करवून घ्यावयाचीं आहेत, त्यानें या वाटेस जाऊं नये. त्याचा पैसा गंजापेक्षां मजुरींतच लवकर संपेल.

मग एवढें करून मिळतें काय? वेग म्हणावा तर ताशीं शंभर मैलांच्या आसपास तिची धांव संपते. आजची साधी घरगुती गाडीही तितकी धांवते. परंतु या गाडींत बसणारा जमिनीच्या इतका जवळ बसतो कीं, ताशीं चाळीस मैलांचा वेगही त्यास पुष्कळ वाटतो. सुकाणूंतून रस्त्याचा खडबडीतपणा हातास कळतो. गिअर बदलण्याचा क्षण कान सांगतो. उतारावर ब्रेक कधीं दाबावा याचा विचार यंत्र करीत नाहीं, चालविणारा करतो. टप मागें सारून झाडींतल्या अरुंद रस्त्यानें जातांना कापलेल्या गवताचा, ओल्या मातीचा वास येतो. दिवसभर पडद्यापुढें बसून काम करणाऱ्या तरुणास आपल्या कानांवर, हातांवर व डोळ्यांवर पुनः विश्वास ठेवण्याची संवय लागते, हा लाभ आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं.

परंतु काकांच्या भीतीचा अर्धा भाग खरा आहे, तोही येथेंच सांगितला पाहिजे. या गाडीस हवेच्या पिशव्या नाहींत, चाकें घसरूं न देणारी आधुनिक ब्रेकयोजना नाहीं, आणि नव्या गाडीप्रमाणें टक्कर झेलून आंतील माणसांस वांचविणारी रचनाही नाहीं. पुढें चकतीचे व मागें ड्रमचे ब्रेक आहेत, ते चांगले आहेत. पण ते एका सावध पायाची अपेक्षा करतात. मागील बाजूस जी लहानशी जागा दिसते, ती सामानाची आहे, मुलाची नव्हे. म्हणून ही घरची एकमेव गाडी कदापि होऊं नये. मुलीस शाळेंत पोंचविण्यासाठीं, पावसांत बाजार करण्यासाठीं व रात्रीच्या लांब प्रवासासाठीं निराळी, सुरक्षित गाडी दारांत असलीच पाहिजे.

कायदा व इंधन या दोन गोष्टी संक्षेपानें सांगतों. इंग्लंडांत चाळीस वर्षांहून जुन्या गाडीस ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदल्यावर रस्त्याचा कर पडत नाहीं, आणि २०१८ च्या मे महिन्यापासून, फारसा फेरफार न केलेल्या अशा गाडीस वार्षिक तपासणीही सक्तीची राहिलेली नाहीं. या सवलतीचा लाभ घेऊं नये, असें आमचें मत आहे. कर वांचवावा, पण तपासणी स्वखुषीनें दरवर्षीं करवावी. कारण सरकारनें तपासणी माफ केली तरी गाडी रस्त्यास योग्य ठेवण्याची जबाबदारी मालकावरून उतरलेली नाहीं. इंधनाविषयीं असें कीं, २०२१ च्या सप्टेंबरापासून तेथील सामान्य पेट्रोलमध्यें दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें पाणी शोषून घेतें व जुन्या रबरी नळ्या खराब करतें. यास्तव कमी इथेनॉलचें, किंचित् महाग पेट्रोल भरावें आणि नळ्या नव्या प्रकारच्या बसवून घ्याव्या. भारतांत वीस टक्के मिश्रणाचें लक्ष्य २०२५ सालीं गांठलें गेलें असल्यानें, ज्या वाचकांच्या घरीं वडिलांची जुनी स्कूटर किंवा फियाट जपलेली आहे, त्यांनींही आपल्या नळ्या एकदां तपासून पाहाव्या.

पुढें-मागें ही गाडी पुण्यास आणूं, असा पुतण्याचा विचार असल्यास तो सोडावा. भारतांत २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपांत ठेवलेल्या गाडीची स्वतंत्र नोंदणी होते. तिचें शुल्क वीस हजार रुपये आहे, आणि अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणें व दुरुस्ती यांपुरतीच रस्त्यावर आणतां येते. जकात व वाहतूक यांचा खर्च निराळाच. जी गाडी चालविण्यांतच जगते, तिला कोठींत उभी करण्यासाठीं सातासमुद्रापलीकडून आणणें हें तिच्यावरही प्रेम नव्हे.

तेव्हां आमचा अभिप्राय असा कीं, काकांनीं संमति द्यावी, परंतु चार अटींवर. पहिली, गाडीच्या किंमतीच्या निदान तिसरा हिस्सा इतकी रक्कम दुरुस्तीसाठीं बाजूस काढल्यावांचून व्यवहार करूं नये. कर्ज तर मुळींच काढूं नये. दुसरी, परीक्षेच्या वेळीं जाणता मनुष्य बरोबर न्यावा, एम्. जी. मालकांची मंडळें तेथें जुनीं आहेत, पैकीं एक १९३० सालचें आहे, व त्यांत असे जाणते लोक भेटतात. तिसरी, मुलीस त्या गाडींत रस्त्यावर नेऊं नये; ती मोठी झाली म्हणजे तिच्या हातीं आधीं पाना द्यावा, आसन मागाहून. चौथी अट पत्नीच्या संमतीची. काकांचा होकार येण्यापूर्वीं तिचा आला पाहिजे, कारण रविवारची ती सकाळ तिच्याही संसाराची आहे.

शेवटीं काकांस एक गोष्ट सुचवावीशी वाटते. ॲबिंग्डनचा कारखाना गेला, तेथील कारागीर पांगले. तरी तेथील गाड्या आज इतक्या मोठ्या संख्येनें चालत्या राहिल्या, त्यास मालकांची चिकाटी कारण झाली. १९८८ सालीं जुने सांचे शोधून काढून या गाडीचे संपूर्ण देह पुनः नव्यानें तयार होऊं लागले, तेंही अशी माणसें गिऱ्हाईक म्हणून उभीं होतीं म्हणूनच. उलट आपल्याकडे कुर्ल्यास तयार होणारी पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून २०२३ च्या ऑक्टोबरांत नाहींशी झाली, तेव्हां आपण सारे हळहळलों; पण हळहळणाऱ्यांपैकीं एक तरी पद्मिनी सांभाळणारे किती निघाले? जुनी वस्तु टिकते ती तिच्याखालीं अंग घालून, हात काळे करून घेणाऱ्या मनुष्यामुळें. वाड्याचा हिस्सा न चुकतां पाठविणाऱ्या तरुणास हें शिकवावें लागेल, असें आम्हांस वाटत नाहीं. तो गुण त्यानें बहुधा काकांच्याच घरांत उचलला असावा.