भीड आणि पावती

चैत्र तापू लागला की अकोला-अमरावतीच्या बाजारपेठांत शीतकपाटांची आणि कूलरची खरेदी सुरू होते. अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक ग्राहकाला राजा म्हणते. दुकानात मात्र त्याची अवस्था याचकाची असते. मासिक हप्ता त्याला आवर्जून सांगितला जातो. बिघाड झाल्यास कारागीर किती दिवसांत येईल, हे मात्र कोणी सांगत नाही. विक्रेत्याला जे ठाऊक असते ते खरेदीदाराला नसते, ही बाजाराची व्याधी जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली मांडली.

तिच्यावर उपाय आहेत. २००६ साली सुरू झालेल्या ऊर्जा-तारांकनाच्या पट्टीवर शीतकपाटाला वर्षाकाठी किती युनिट वीज लागेल, हे छापलेले असते; ते वाचावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. परंतु तेथे दुकानदाराचे गोड शब्द नव्हे, पावती बोलते. म्हणून दुरुस्तीसेवेचे आश्वासन लेखी घेतल्यावाचून पैसे मोजू नयेत. ओळखीच्या दुकानदाराकडे लेखी मागताना आपल्या नोकरदाराला संकोच वाटतो. पण भीड ही भिकेची बहीण असते, आणि येथे पणाला लागलेला असतो तो त्याचा महिन्याचा पगार.