जेल आपल्याला, परवाना कुणाला?



गांजाला कायद्याने मोकळीक द्यावी की नाही, याची चर्चा देशात चालू आहे. आपल्या बैठकीतही तरुण पोरं हा विषय काढतात. कुणी म्हणतं, बाहेरच्या देशात खुला झाला, मग इथं का नाही? कुणी म्हणतं, ते औषध हाय, आजाऱ्याला मिळालं पाहिजे. बाया म्हणतात, दारूनं घरं बसली ती कमी पडली का? तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण चौथा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तो आपलाच आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याचं यात काय होणार?

आधी आजचा कायदा बघू. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसता पाला, म्हणजे भांग, त्यात धरत नाहीत. म्हणून कुठं भांगेचं सरकारमान्य दुकान चालतं आणि कुठं त्याच झाडाच्या शेंड्यापायी माणूस आत जातो. जवळ गांजा सापडला तर वजन बघतात. एक किलोपर्यंत थोडा, वीस किलोच्या वर व्यापारी. वजन वाढेल तशी शिक्षा वाढते. पण झाड लावलं असेल तर एक झाड का शंभर, असा हिशेब कायद्याने ठेवलेला नाही. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आता नीट ऐका. याच कायद्याचं कलम ५४ सांगतं की माणूस जी जमीन कसतो तिच्यावर गांजाचं झाड सापडलं, तर त्यानं गुन्हा केला असं कोर्ट धरून चालू शकतं. मी लावलं नाही, हे त्यानं सिद्ध करायचं. सातबारा कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न तिथं येत नाही, कसतो कोण हा येतो. म्हणजे बघा, गायरानाचा किंवा वनजमिनीचा पट्टा मागायला गेलं की साहेब म्हणतो, तुम्ही कसता याला पुरावा काय? आणि त्याच जमिनीत गांजाची चार झाडं निघाली की पुरावा कुणी मागत नाही. पंचनाम्यावर आपलं नाव लगेच चढतं.

बीड जिल्ह्याला तर याचा जास्त धोका आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली माणसं कोयता घेऊन कारखान्याला जातात. गावात म्हातारी माणसं उरतात. गांजा फुलोऱ्यावर येतो तो याच दिवसांत. कपाशीत, तुरीत कुणी मधेच चार ओळी लावल्या तर बघायला घरचं कोण आहे? त्यात पारधी वस्ती असेल तर बोलायलाच नको. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातीचा कायदा केला, तो १९५२ साली रद्द झाला. पण गावात काही झालं की पहिली झडती अजून पारध्याच्या पालाची होते.

आपल्यासारख्याच आदिवासी मुलखाचं उदाहरण घ्या. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, वनजमिनीवरची गांजाची शेती पोलिसांनी कितीतरी वेळा उपटली आहे. बातमीत क्विंटल आणि लाखांचे आकडे येतात. पण बी कुणी पुरवलं, पैसा कुणी लावला, माल कुणाच्या गाडीतून कुठल्या शहरात जाणार होता, हे बातमीत फार थोड्या वेळा असतं. शेतात सापडतो तो कसणारा.

तरी माणूस या पिकाकडे का वळतो, हेही समजून घेतलं पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला. कुठल्याच पिकाला भाव नाही, मला दोन एकरात गांजा लावू द्या. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीसाठीचं नाटक ठरवलं. नाटक असेल नसेल, पण भाव नाही हे तर खोटं नव्हतं. कापूस आणि तूर विकून घर चाललं असतं तर असा अर्ज कशाला निघाला असता?

मग गांजा खुला केला की सुटलं का सगळं? तसंही नाही. लागवडीला परवाना द्यायचा अधिकार राज्य सरकारला आजही कायद्यात आहे. उत्तराखंडात नशा जवळजवळ नसलेल्या, धाग्याच्या आणि बियाच्या जातीला परवाने सुरू झाले. उद्या महाराष्ट्रात तसं झालं तर अर्जाला काय जोडावं लागेल? सातबारा, कुंपण, तपासणीची फी. आपल्याकडे काय आहे? फार तर १-ई ला अतिक्रमणाची नोंद, नाहीतर वनहक्काच्या दाव्याची पोच. ज्यांना वनहक्क मिळाला आहे त्यांनाही जमीन दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि ते चांगलंच आहे. पण कंपनीचा माणूस कराराचा कागद घेऊन दारात येईल, तेव्हा अंगठा करायच्या आधी हे आठवा.

मोहाचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. झाड आपल्या रानातलं, फुलं वेचणारी आपली बाई. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं त्या फुलांच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर बंधनं घातली. ती सैल व्हायला २०२१ साल उजाडलं. एवढी वर्षं वेचणारी बाई भीत राहिली, मिळेल त्या भावात विकत राहिली, आणि कमाई मधल्या माणसाची झाली.

बाहेरच्या देशाचं म्हणाल तर थायलंडनं २०२२ साली गांजा मोकळा केला. २०२५ साली पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. सरकारचं धोरण असं फिरतं. भांडवलवाला त्यातून सावरतो. उचल घेऊन पीक लावणारा सावरत नाही.

औषधाला आमचा विरोध नाही. कॅन्सरच्या उपचारातली मळमळ, काही प्रकारची फेफरं, यांवर या झाडापासून केलेली औषधं डॉक्टर देतात. पण कायद्यात परवानगी आली म्हणजे औषध गावात येतं असं नाही. मॉर्फिन वेदनेवरचं कायदेशीर औषध आहे. ते सोपं व्हावं म्हणून २०१४ साली कायदा बदलला. तरी खेड्यातला कॅन्सरचा रोगी अजून कण्हतच मरतो.

आणि मजेसाठी ओढायचा गांजा? तिथं बायांचं ऐकलं पाहिजे. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याचं डोकं बिघडू शकतं, हे डॉक्टर सांगतात. दारूचं दुकान बंद करायला गडचिरोलीच्या आणि चंद्रपूरच्या बाया रस्त्यावर उतरल्या, ते उगाच नाही. पण ओढणाऱ्या पोराला तुरुंगात टाकून तो सुधारत नाही, त्याला उपचार पाहिजे.

म्हणून आमचं म्हणणं असं :

१. ओढणाऱ्याला आणि मजुरीवर राबणाऱ्याला जेल नको. पैसा लावणाऱ्याला पकडा.
२. औषध सरकारी दवाखान्यातून, फुकट मिळावं.
३. मजेसाठीच्या गांजाला परवाना नको.
४. धाग्याच्या किंवा औषधाच्या लागवडीचं धोरण आणायचं असेल तर आधी गायरानाचे आणि वनहक्काचे दावे निकाली काढा. परवाना गावातल्या छोट्या कसणाऱ्याला द्या, तोही ग्रामसभेला विचारून.

तोवर आपल्या प्लॉटवर एकही झाड नको, कुणी कितीही पैसे दाखवले तरी. कुणाला बटईनं जमीन देऊन कारखान्याला जाऊ नका. जाताना शेजाऱ्याला आणि संघटनेला सांगून जा, मधे एकदा येऊन फेरी मारा. अनोळखी झाड दिसलं तर गुपचूप उपटू नका, लपवू नका. जमीन कसणाऱ्यानं पोलिसांना लगेच कळवलं पाहिजे असं कायदाच सांगतो, सरपंचावरही ती जबाबदारी आहे. लेखी कळवा आणि पोच घ्या. अंगझडती घ्यायची असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या, असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. बाईची झडती बाईनंच घ्यायची. अटक झालीच तर आदिवासीला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

वीस-तीस वर्षं दगड वेचून, पोलीस आणि वनखात्याशी झगडून ही जमीन आपण कसायला आणली. चार झाडांपायी ती घालवायची नाही. आधी जमिनीचा कागद, मग परवान्याचं बोलू.

— तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड