एआयचा ‘योगायोग’ म्हणजे नवा कर्मसिद्धांत

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एआयने काढलेल्या पोस्टरांचा पूर येतो. निळा कोट, गोल चष्मा, हातात जाड पुस्तक. चेहरा मात्र बाबासाहेबांचा नाही; कुणा तरी गुळगुळीत गालांच्या, गोऱ्यापान इसमाचा. मागच्या निळ्या झेंड्यावरच्या अशोकचक्राचे आरे मोजून बघा, चोवीस क्वचितच भरतात. हे दाखवून दिले की पोस्टर करणारा म्हणतो, “मशीन आहे, दर वेळी वेगळं काढतं, आपल्या हातात काय आहे?” आम्हाला या उत्तरावरच बोलायचे आहे. आपल्या लोकांनी हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. तेव्हा त्याला नशीब म्हणत, पूर्वसंचित म्हणत. आता ‘रँडम’ म्हणतात.

आधी मशीन काय करते ते बघू. स्टेबल डिफ्यूजनसारखे मॉडेल कोऱ्या कागदावर चित्र काढत नाही. जुन्या टीव्हीवर केबल गेली की ज्या मुंग्या दिसत, तसल्या ठिपक्यांच्या गोंधळापासून ते सुरुवात करते आणि पायरीपायरीने तो गोंधळ पुसत तुमच्या वाक्याशी जुळणारे चित्र बाहेर काढते. सुरुवातीचे ठिपके कसे असतील हे एका आकड्यावरून ठरते. त्याला सीड म्हणतात. मॉडेल, वाक्य, सेटिंग आणि सीड तेच ठेवले की चित्र जवळपास तेच येते. म्हणजे ज्याच्या नावाने हात झटकले जातात, तो योगायोगसुद्धा वहीत टिपून ठेवता येतो!

दुसरे बटण गायडन्सचे. वाक्याला किती घट्ट धरायचे ते यावरून ठरते. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्तीत ते ७.५ वर ठेवलेले असे. वाढवले की चित्र वाक्याशी जास्त इमान राखते, पण विविधता घटते, सगळी चित्रे एकाच साच्याकडे सरकतात. मिडजर्नीत केऑस नावाचे बटण ० ते १०० पर्यंत जाते. ते वाढवले की एकाच वाक्याची चित्रे एकमेकांपासून दूर जातात.

पण ही बटणे फासा कसा फेकायचा तेवढेच ठरवतात. फाशाच्या बाजूंवर काय कोरले आहे, त्याला ती हात लावत नाहीत. स्टेबल डिफ्यूजन ज्या लायन-५बी या संग्रहाच्या भागांवर शिकले, त्या संग्रहात ५.८५ अब्ज चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर आहे. पहिल्या आवृत्त्यांसाठी त्यातला मुख्यतः इंग्रजी मजकुराचा भाग घेतला. पुढे त्यातूनही ‘सुंदर’ चित्रे गाळून काढली, आणि सौंदर्याचे गुण देणाराही एक प्रोग्रॅमच होता. सुंदर कोण हे कुणाच्या डोळ्यांनी ठरले? आपल्या वस्तीतले विहार, पत्र्याच्या घरासमोर अभ्यास करणारी पोर, सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत उभी असलेली म्हातारी, यांचे फोटो इंग्रजी ओळी लिहून इंटरनेटवर कोण टाकत होते?

२०२३ मध्ये ब्लूमबर्गने स्टेबल डिफ्यूजनकडून हजारो चित्रे काढून घेतली. ‘जज’ म्हटल्यावर आलेल्या चित्रांत स्त्रिया होत्या सुमारे ३ टक्के. अमेरिकेत प्रत्यक्षात ३४ टक्के न्यायाधीश स्त्रिया आहेत. दर वेळी ठिपके वेगळे, निकाल मात्र तोच. याला योगायोग म्हणायचे?

वर्णव्यवस्थेची रीतही हीच. जन्म कुठल्या घरात होईल हा योगायोग. पण त्या घरात जन्मल्यावर वाट्याला काय येईल, हे आधीच लिहून ठेवलेले. १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी घाव घातला तो ते लिहिणाऱ्या शास्त्रांच्या अधिकारावर. नशिबाशी भांडत ते बसले नाहीत.

यावर कंपन्यांचा उपाय म्हणजे वरून विविधता भुरभुरणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलच्या जेमिनीने १९४३ च्या जर्मन सैनिकांच्या चित्रांत कृष्णवर्णीय आणि आशियाई चेहरे घातले. गदारोळ झाल्यावर माणसांची चित्रे काढणेच गूगलला काही काळ थांबवावे लागले. अत्याचार करणाऱ्याच्या गणवेशात अत्याचारितांना उभे करणे हे प्रतिनिधित्व नव्हे. उद्या महाडच्या चवदार तळ्याचे चित्र मागितले आणि मशीनने सत्याग्रहींवर चालून आलेल्यांच्या हातातल्या काठ्या सत्याग्रहींच्या हातात दिल्या, तर त्याला आपण विविधता म्हणणार काय?

म्हणून आमचे म्हणणे असे, की इतिहासाच्या बाबतीत यंत्राला फासा टाकूच देऊ नये. बाबासाहेबांचे खरे फोटो आहेत, १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचे आहेत. ते वापरा. सीड कितीही नीट निवडला तरी मशीनला बाबासाहेब माहीत नाहीत, कोटातला चष्मेवाला माणूस माहीत आहे. आणि चोवीस आरे मोजणे हे काही त्याचे काम नाही, ते आपले काम आहे.

आजच्या माणसांची चित्रे हवीत तर विविधता केऑसवर सोडू नका. नुसते ‘भारतीय स्त्री’ लिहिले की मशीन आपल्या साठ्यातली स्त्री देणार. लातूरची नर्स लिहा, तिचे वय, रंग, साडी, हातातली फाईल, मागची भिंत, सगळे लिहा. तेवढ्यानेही भागत नाही, तेव्हा आपला साठा उभा करावा लागतो. लोरा नावाच्या पद्धतीने काही डझन फोटोंवरही मॉडेलला जादा शिकवता येते. अर्थात ज्यांचे फोटो, त्यांची परवानगी घेऊनच; आपल्याच आयाबहिणींचे चेहरे न विचारता उचलले तर कंपन्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ उभे केले, तेव्हा कुठलाही तयार साठा त्यांच्यापुढे नव्हता.

तोवर एक काम आजपासून करता येईल. एआयचे चित्र ग्रुपवर टाकताना खाली मॉडेलचे नाव, वाक्य, सेटिंग आणि सीड लिहा. दुसऱ्या तालुक्यातला कार्यकर्ता तेच चित्र पुन्हा काढून बघेल आणि चूक कुठे आहे ते सांगेल. “मशीनने असंच दिलं” हे उत्तर त्याला चालणार नाही.

जय भीम!