शिशाची गोळी आणि पडवीतील धूळ

दक्षिण कोकणात रानडुकरे व माकडे यांपासून शेती-बागायती राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारी घरे आजही आहेत. अशाच एका घरातील ६८ वर्षांचे गृहस्थ तीन महिने माझ्याकडे येत होते. पोट दुखते, शौचास साफ होत नाही, झोप लागत नाही, ओळखीची नावे आठवत नाहीत, अशा त्यांच्या तक्रारी. मी रेचक दिले, रक्तदाबाचे औषध वाढविले आणि "वयोमानाने होते" असे सांगून मोकळा झालो. ती चूक माझी होती.

उलगडा झाला तो त्यांच्या सुनेमुळे. "डॉक्टर, मामंजी मागल्या पडवीत शिसे वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओततात आणि बाळ तिथेच खेळत असतो. त्याचे काही नसेल ना?" दोघांच्याही रक्ताची तपासणी केली. आजोबा आणि चार वर्षांचा नातू, दोघांच्याही रक्तात शिसे प्रमाणाबाहेर निघाले.

गोळी वाटोळी व एकसारख्या वजनाची असावी, हा ओतणाऱ्याचा ध्यास असतो. धातू किंवा साचा पुरेसा तापलेला नसला, तर गोळीवर सुरकुत्या पडतात. म्हणून आच वाढविली जाते. वरची मळी पुनःपुन्हा काढावी लागते. वजनात न बसणाऱ्या गोळ्या परत वितळवाव्या लागतात. गोळी सुधारणारी ही प्रत्येक कृती ओतणाऱ्याला अपायकारक असते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यापुढे आच जितकी वाढेल, तितकी वाफ अधिक. तिचा वास सहसा येत नाही, ती डोळ्यांना दिसेलच असेही नाही. मळीची करडी भुकटी जमिनीवर, कपड्यांवर, केसांत बसते. तेथून ती हाताला लागते. हातावरून भाकरीत, विडीवर आणि रांगत्या-खेळत्या मुलाच्या तोंडात जाते.

मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मुलाचे शरीर पोटात गेलेले शिसे चार ते पाच पट अधिक शोषून घेऊ शकते आणि त्याचा आघात वाढत्या मेंदूवर होतो. प्रौढांच्या शरीरातील बहुतेक शिसे हाडांत साठते व तेथे अनेक दशके राहते. उतारवयात हाडे झिजू लागली, किंवा अस्थिभंगाने माणूस अंथरुणाला खिळला, की ते पुन्हा रक्तात उतरते. रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, रक्तक्षय, मनगटातील अशक्तपणा व विस्मरण यांमागे हे कारण असू शकते.

तेव्हा पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मुले किंवा गर्भवती स्त्री असलेल्या घरात शिसे वितळवूच नये. ज्या भांड्यात एकदा शिसे वितळले, ते स्वयंपाकात पुन्हा वापरू नये. पडवी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. तोंडाला बांधलेला रुमाल ही वाफ अडवीत नाही. तापलेल्या शिशात पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. त्याची क्षणात वाफ होऊन धातू अंगावर उसळतो. जाळ्याची शिशे ओतणाऱ्यांनी व जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे.

शंका आल्यास शिरेतील रक्ताची शिशासाठी तपासणी करून घ्यावी. आहारात लोह व कॅल्शियम पुरेसे असावे. परंतु दूध प्यायल्याने शिसे उतरते, हा समज खरा नाही. शिसे शरीराबाहेर काढणारी औषधे आहेत, मात्र ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. मुख्य उपचार म्हणजे शिशाशी येणारा संबंध तोडणे.

त्या गृहस्थांनी साचा त्याच दिवशी कायमचा बाजूला ठेवला. काही महिन्यांनी नातवाच्या रक्तातील प्रमाण उतरले. आजोबांचे मात्र सावकाश उतरत आहे. हाडे आपला साठा लवकर सोडीत नाहीत.

घरातील वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर आणखी एक गोष्ट न्या : त्यांचे हात दिवसभर कशात असतात, ही माहिती. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी ती आपण होऊन सांगा. मीही विचारले नव्हते.