पावसाच्या गटाराचा धनी कोण?

६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतेजवळील सचिन औद्योगिक वसाहतीत सहा कामगारांचा गुदमरून बळी गेला. रस्त्याकडेच्या निचऱ्याच्या नाल्यात एक टँकर चोरून रासायनिक द्रव्य ओतीत होता; त्यातून उठलेल्या विषारी वायूने बाजूच्या गिरणीतील माणसे गाठली. पुढे २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने देशात पहिला क्रमांक पटकाविला! रस्ता झाडला म्हणजे शहर स्वच्छ झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी रस्त्याखाली काय वाहते तेही एकदा पाहावे.

सीमाभागातील आमचे वाचक विचारतील, उधन्याच्या गटाराशी आपला संबंध काय? संबंध रक्ताचा आहे. नंदुरबार, अमळनेर, जळगावकडील हजारो माणसे उधना-जळगाव लोहमार्गाने पोटामागे तेथे गेली. उधना, पांडेसरा, लिंबायत, दिंडोली येथे यंत्रमागांवर आणि रंगाईच्या गिरण्यांत राबणारे हे आमचेच बांधव आहेत. सुरत महापालिका त्यांच्या मुलांसाठी मराठी शाळा चालविते, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. बेळगावच्या कारभाऱ्यांनी तो धडा अवश्य घ्यावा. परंतु मुलाला मातृभाषेत अक्षर शिकवायचे आणि त्याच्या दारातून विष वाहू द्यायचे, हा कोठला न्याय?

मैल्याचे पाणी शुद्धीकरण केंद्रात जाते. गिरण्यांच्या सांडपाण्यासाठी सामुदायिक केंद्रे आहेत, पण तेथे पैसे मोजावे लागतात. पावसाचे गटार मात्र काहीही न गाळता सरळ खाडीत उघडते आणि फुकट असते. चोराला हीच वाट सोयीची! भरतीच्या वेळी पाऊस कोसळला की खाडी पाणी घेत नाही, आणि जे गटारात लोटले ते गरिबाच्या घरात परतते. जून २०२५ मध्ये सुरतेत खाड्यांनी वस्त्या बुडविल्या, तेव्हा त्या पाण्यात निव्वळ पाऊसच होता, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

नगरपिते म्हणतील, हे काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. १९७४ च्या कायद्यान्वये सांडपाणी सोडण्यापूर्वी गिरणीला मंडळाची संमती घ्यावी लागते, हे खरे. विषारी द्रव्य ओढ्यानाल्यांत सोडण्यास २४ व्या कलमाची मनाईही आहे. पण गटार बांधले कोणी? महापालिकेने. ते उपसते कोण? महापालिका. मग त्याच्या मुखातून जे बाहेर पडते, त्याचा जाब दुसऱ्याने का द्यावा? केंद्राने २०१९ साली पावसाळी गटारांची नियमपुस्तिका काढली. परंतु पुस्तिका म्हणजे परवाना नव्हे, आणि उपदेश म्हणजे शिक्षा नव्हे.

अमेरिकेने १९८७ साली कायदा दुरुस्त करून पावसाळी गटारांसाठी खुद्द नगरपालिकांनाच परवान्याच्या दावणीस बांधले. १९९० च्या नियमांनी ही सक्ती प्रथम लाखावर वस्तीच्या शहरांना आणि १९९९ च्या नियमांनी पुढे लहान शहरांनाही लागू केली. प्रत्येक मुखाचा नकाशा ठेवावा, चोरट्या जोडण्या हुडकाव्यात, जनतेस माहिती द्यावी, अशी ती बंधने आहेत. त्यांतील मुख्य कसोटी कोणत्याही शेतकऱ्यास कळेल अशी आहे : कोरड्या दिवसांत पावसाचे गटार वाहत असेल, तर वर कोठेतरी कोणी काही सोडतो आहे. तो माग काढीत मागे जावे, म्हणजे मूळ सापडते. त्यास ना मोठे यंत्र लागते ना मोठी समिती. लागते ती केवळ इच्छा!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. उधन्यापासून खाडीपर्यंतच्या प्रत्येक गटारमुखाला क्रमांक द्या. कोरड्या ऋतूत दरमहा पाणी तपासा. निकाल गुजरातीबरोबर मराठी, हिंदी व उडियातही चव्हाट्यावर लावा. आणि कसूर झाल्यास गिरणीमालकाबरोबर महापालिकेलाही दंड करा.

हाच न्याय आम्ही घरीही मागतो. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याने शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांची पिके कितीदा बुडविली, हे आमच्या वाचकांस सांगणे नको. पाऊस सरताच त्या नाल्याच्या काठी उभे राहा, वाहणारे पाणी पाहा, आणि महापालिकेला लेखी विचारा : हा पाऊस कोणत्या आकाशातून पडतो आहे?