गावाचा ‘डीपी’ बघितलाय का?

वाई तुम्ही पाहिलेली आहे. सातारा जिल्ह्यात कधी पाऊल टाकलं नसेल तरी पाहिलेली आहे. ‘गंगाजल’मध्ये ती बिहार होती, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश आणि ‘चेन्नई एक्स्प्रेस’मध्ये तर थेट तमिळनाडू. शेजारची मेणवली ‘स्वदेस’मध्ये चरणपूर झाली. कृष्णेचा घाट तोच, पायऱ्या त्याच, दीपमाळ तीच. गावाची पाटी तेवढी बदलते. देशभरातल्या प्रेक्षकांनी हे गाव डोळे भरून पाहिलंय आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचं नाव माहीत नाही. छोट्या गावांच्या वारशाचं आपल्याकडे नेमकं काय होतं, ते सांगायला एवढं उदाहरण पुरे. दिसतो सगळ्यांना, नोंद कुठेच नाही.

आता गावाचं खरं नाव घेऊन बोलू. 2011च्या जनगणनेत साधारण 36 हजार लोकवस्ती असलेली ही नगरपरिषद. गावाची ओळख म्हणजे ढोल्या गणपती. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762मध्ये हे मंदिर बांधलं. दर्शन घेऊन लगेच परत फिरू नका, मंदिराच्या मागच्या बाजूला जा. मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी या टोकावर फुटतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. सिव्हिलच्या मित्राला नक्की दाखवा, हायड्रॉलिक्सचं एक लेक्चर तिथंच होऊन जाईल. नदीकाठाने गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा आळ्या आहेत आणि आळीगणिक घाट. हिवाळा सरताना या घाटांवर एकापाठोपाठ एक कृष्णाबाईचा उत्सव होतो. म्हणजे हे घाट अजून वापरात आहेत. तिथं कपडे धुतले जातात, पोरं पोहायला शिकतात आणि संध्याकाळी कट्ट्यावर गावाचं राजकारणही होतं.

तीन किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. घाटावरच्या छोट्या मंदिरात टांगलेल्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि 1707 हे साल. चिमाजीअप्पांनी 1739मध्ये वसई जिंकल्यावर तिथून आलेली ही पोर्तुगीज घंटा आज महादेवासमोर वाजते. यावर वेगळा लेख होईल, पण आजचा विषय तो नाही.

आजचा विषय आहे या दोन टोकांच्या मधला गाव. गणपतीची काळजी घ्यायला भाविक आहेत. मेणवलीचा वाडा पाहायला शूटिंगवाले येतात, पर्यटक येतात. पण मधल्या गल्लीतला तो साधा दुमजली वाडा? दगडी जोतं, वर विटांची भिंत, सागवानी खांब, कौलारू छप्पर, रस्त्याकडे उघडणारी लाकडी महिरपीची खिडकी. त्याला ना भाविक, ना दिग्दर्शक. तो वाईत असेल, फलटणला असेल, पैठणला असेल किंवा तुमच्या आजोळी. असे पंधरा-वीस वाडे ओळीने उभे असतात म्हणून ती गल्ली ‘जुनी’ वाटते आणि आपण तिथं थांबून फोटो काढतो. त्यातला एक पडून तिथं आरसीसीचा ठोकळा उभा राहिला की काही वाटत नाही. सहावा पडतो तेव्हा एकदम लक्षात येतं, अरे, इथं काहीतरी होतं!

या वाड्याचं नाव पालिकेच्या कागदावर पहिल्यांदा कधी येतं, माहितीये? घरपट्टी सोडली तर मे महिन्यात. पावसाळ्याच्या तोंडावर राज्यभरातल्या पालिका धोकादायक इमारतींची यादी काढतात आणि नोटिसा चिकटवतात. दीड-दोनशे वर्षं उभ्या असलेल्या वास्तूची पालिकेने घेतलेली पहिली दखल म्हणजे ‘ताबडतोब उतरवून घ्या’. अधिकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. भिंत पडून कुणी दगावलं तर जबाबदारी त्यांच्यावरच येते, त्यामुळे नोटीस काढणं त्यांना भागच आहे. प्रश्न हा आहे की पालिकेकडे या वाड्याविषयी दुसरा कुठलाच कागद का नाही?

मालकांचीही बाजू ऐका. ‘वाडा पाडला, काय हे!’ असं रीलखाली लिहिणं सोपं असतं. उताऱ्यावर सतरा नावं असतात. चार भाऊ पुण्यात, एक बहीण नागपुरात, एक पुतण्या परदेशात. खालच्या दोन खोल्यांत जुना भाडेकरू असतो आणि त्याचं भाडं इतकं जुनं असतं की त्यात घरमालकाच्या एका आठवड्याच्या चहाचाही खर्च निघणार नाही. छप्पर गळतं, जिना अंधारा, संडास परसात. कौलं शाकारणारा माणूस मिळत नाही आणि चुन्यात काम करणारा गवंडी तर दुर्मीळच. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘सिमेंटचा गिलावा मारून टाका, पक्कं होईल.’ होतं उलटंच. चुन्याची आणि मातीची भिंत ओलावा आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होत जाते. दहा पावसाळ्यांनंतर तीच भिंत धोकादायक यादीत. वाडा उतरवला की खांब, तुळया आणि नक्षीची दारं जुन्या सामानाच्या बाजारात जातात. पुढे कुठल्या तरी हॉटेलात ‘ट्रॅडिशनल लुक’ म्हणून तुम्हाला ती भेटतात.

मग पालिका काय करू शकते? इथं तो ‘डीपी’ येतो. तुमचा व्हॉट्सअ‍ॅपचा नव्हे, गावाचा. डेव्हलपमेंट प्लॅन, मराठीत विकास आराखडा. पालिकेत सगळे त्याला डीपीच म्हणतात. रस्ता कुठून जाणार, शाळेसाठी आणि बागेसाठी कुठली जागा राखीव, कुठं दुकानं, कुठं घरं, हे सगळं त्या नकाशावर ठरतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा 1966 सालचा आहे. त्याच्या कलम 22मध्ये विकास आराखड्यात काय काय असावं याची यादी दिलीय आणि तिथं ‘हेरिटेज इमारती आणि हेरिटेज परिसर’ यांचं जतन स्पष्ट लिहिलंय. म्हणजे अधिकार आहे. मुंबईने त्याच्या आधारे 1995मध्ये हेरिटेज नियमावली आणली, वास्तूंची यादी केली, श्रेणी ठरवल्या, समिती नेमली. कायदा मुंबईपुरता नाही, राज्यातल्या सगळ्या नगरपरिषदांना तो लागू आहे.

तरी छोट्या गावांत यादी हा विषय मागेच पडतो. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांच्या कामांचे 18 विषय दिलेत. त्यात कोंडवाडा आहे, कत्तलखाना आहे, दिवाबत्ती आहे. वारसा हा शब्द नाही. सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना द्यावी, असं एक मोघम वाक्य आहे. पाणी चार दिवसांआड येत असेल तर कुठला मुख्याधिकारी आधी ते मोघम वाक्य उघडेल? क वर्गाच्या नगरपरिषदेत बांधकाम खात्यात इंजिनिअर असतो, नगररचनेचं काम बघणारा एखादा असतो. जुन्या वास्तूंचा जाणकार शोधून सापडत नाही.

दुसरं कारण म्हणजे भीती. हेरिटेज म्हटलं की लोक दचकतात, ‘आता खिळा ठोकायलाही परवानगी!’ ही भीती येते केंद्राच्या नियमातून. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे 200 मीटरपर्यंत नियंत्रण, असं 2010च्या दुरुस्तीने पक्कं झालं. स्मारकाशेजारी राहणाऱ्यांना त्याचा जाच होतो, हे खरं. पण पालिकेची यादी ही वेगळी गोष्ट आहे. मुंबईच्या नियमांत पहिल्या श्रेणीच्या वास्तूला जवळपास हात लावता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत आतले बदल चालतात आणि तिसऱ्या श्रेणीत त्याहून बरीच मोकळीक असते. आपल्या गल्लीतले वाडे बहुतांशी या तिसऱ्या श्रेणीतले असतात. दर्शनी भाग, उंची, छपराचा उतार सांभाळा. आत स्वयंपाकघराला ग्रॅनाइटचा ओटा बसवा, अटॅच्ड बाथरूम करा, कुणी अडवणार नाही. हे मालकाला पालिकेने घरी जाऊन सांगायला हवं. ते सांगत नाहीत, म्हणून ती भीती तशीच राहते.

पसरणीचा घाट चढून वर गेलं की पाचगणी लागते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 17 जानेवारी 2001 रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्या अधिसूचनेत झाडं आणि डोंगरउतारांसोबत मानवनिर्मित वारसाही आहे. ऐतिहासिक इमारती शोधा, त्यांच्या जतनाचा आराखडा करा, असं त्यात सांगितलंय. वरच्या गावातल्या इंग्रजी बंगल्यांचा विचार झाला तो दिल्लीहून. खालच्या गावातल्या वाड्यांना दिल्ली वाचवणार नाही, त्यांचा विचार नगरपरिषदेलाच करावा लागेल. त्या अधिसूचनेनंतर वर सगळं आलबेल आहे, असा गैरसमज नको. सुट्टीच्या दिवशी पाचगणीच्या बाजारात एक चक्कर मारलीत की कळेल. पण तिथं भांडायला निदान हातात एक कागद आहे.

कागद नसला की काय होतं? ‘सुशोभीकरण’ होतं. माझ्या मते वारशाच्या बाबतीत मराठीतला सगळ्यात धोकादायक शब्द हाच. निधी येतो आणि वर्षाच्या आत खर्च करायचा असतो. मग दगडी फरसबंदीवर पेव्हर ब्लॉक, काळ्या दगडाच्या दीपमाळेला चकचकीत तैलरंग, घाटाच्या तोंडाशी स्टीलचं रेलिंग, हायमास्ट दिवा, ‘आय लव्ह’ अमुक गाव असा सेल्फी पॉइंट आणि उद्घाटनाची कोनशिला. यातल्या कशालाही वास्तूची माहिती असलेल्या माणसाची सही लागत नाही, कारण ती वास्तू कुठल्याच यादीत नसते. पाडणारा बिल्डर निदान उघड पाडतो. सुशोभीकरण टाळ्या घेत पाडतं.

म्हणून पर्यटन महोत्सव, हेरिटेज वॉक, ब्रोशर हे सगळं नंतर. आधी यादी. तिला पैसाही फारसा लागत नाही. गल्लीगल्लीत फिरून प्रत्येक जुन्या वास्तूचा फोटो, सिटी सर्व्हे नंबर, अंदाजे वय, बांधकामाचं साहित्य, आत्ताची अवस्था आणि मालकाचं म्हणणं, एवढी नोंद. जिल्ह्यातल्या आर्किटेक्चर आणि पॉलिटेक्निकच्या मुलांना मोजमापाच्या ड्रॉइंगसाठी नाहीतरी कुठली तरी इमारत लागतेच. रासेयोच्या शिबिरात तेच तेच घोषवाक्य भिंतीवर रंगवण्यापेक्षा हे काम कितीतरी बरं. तज्ज्ञ समिती एका पालिकेला परवडत नसेल तर चार शेजारच्या पालिकांनी मिळून एक ठेवावी. यादीतल्या वाड्याच्या दुरुस्तीला लवकर परवानगी आणि मालकाला घरपट्टीत सूट, एवढं दिलं तरी पुष्कळ मालक नोटीस यायच्या आधीच छप्पर नीट करतील. विकासहक्क विकून पैसे मिळवायचा मुंबईचा मार्ग छोट्या गावात चालणं अवघड आहे. तिथं ते हक्क विकत घ्यायला रांग लागत नाही.

हौशी मंडळींनी यातला अर्धा रस्ता करूनही दाखवलाय. महाराष्ट्र बारव मोहिमेतल्या तरुणांनी राज्यभरातल्या पायविहिरी शोधून नकाशावर आणल्या. इंटॅकसारखी संस्था 1984पासून वास्तूंच्या नोंदी करत आली आहे. पण या नोंदींना कायद्याचं बळ नाही. उद्या कुणी जेसीबी आणला तर तुमची एक्सेल शीट आडवी येत नाही. आडवी येते ती शासनाने मंजूर केलेली यादी.

तर आता तुमचं काम. विकास आराखडा निदान 20 वर्षांतून एकदा नव्याने करावा लागतो. म्हणजे तुमच्या गावाचा सध्याचा डीपी कदाचित तुमच्याच वयाचा असेल आणि नव्याची वेळ जवळ आली असेल. नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी 30 दिवस मिळतात, मग नियोजन समितीसमोर सुनावणी होते. हे 30 दिवस बहुतेक गावांत फक्त ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडलंय तेच वापरतात. सूचना कुठलाही नागरिक देऊ शकतो. वकील लागत नाही.

नगरपरिषदेत जा. नगररचना विभागात विचारा की मंजूर डीपी कोणत्या सालचा, त्यात हेरिटेज यादी आहे का, असेल तर तिची प्रत कुठं मिळेल. ‘माहीत नाही’ असं उत्तर मिळालं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, 10 रुपये लागतात. यादी नसेल तर तुमच्या गल्लीतल्या पाच वास्तूंची नावं, फोटो आणि सिटी सर्व्हे नंबर लिहून मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने सूचनेचं पत्र द्या, मालकाशी आधी बोलून. पत्राच्या दोन प्रती न्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यायला विसरू नका.